एलसीएलने माल पाठवताना गोदामाचे पैसे नेमके कशाचे?

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,
आमची सांगली जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. हळद पावडर आणि बेदाणा. आजवर मुंबईच्या निर्यातदाराला माल देऊन मोकळे व्हायचो, आता पहिल्यांदाच कंपनीच्या स्वतःच्या नावावर हॅम्बुर्गला माल चाललाय. साधारण सहा घनमीटर भरेल, त्यामुळे अख्खा कंटेनर घेण्यात अर्थ नाही. फॉरवर्डरने (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटने) एलसीएल सुचवलं, म्हणजे एकाच डब्यात आपला आणि इतर चारचौघांचा माल.

इथवर ठीक. पण कोटेशन आलं आणि बैठकीत जुंपली. समुद्राचं भाडं म्हणून लिहिलेली रक्कम इतकी कमी की टंकलेखनाची चूक वाटावी. आणि खाली ओळीच्या ओळी: कार्टिंग, सीएफएस हँडलिंग, स्टफिंग, डॉक्युमेंटेशन, सील, अमुक सरचार्ज. वर अट अशी की बोट रविवारी असली तरी माल त्याआधीच्या बुधवारपर्यंत उरणजवळच्या गोदामात हजर पाहिजे. आमचे अध्यक्ष आबा म्हणाले, "माल बोटीनं चाललाय ना, मग गोदामाचं कसलं भाडं? त्यापेक्षा पनवेलला आपलाच एक गाळा घेऊ, तिथनं थेट बंदरात." मला उत्तर देता आलं नाही. हे गोदाम मध्ये कशासाठी असतं आणि ते टाळता येतं का, एवढं जाणकारांनी सांगा. सौदा सीआयएफ हॅम्बुर्ग आहे, म्हणजे हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमा आमच्याकडे.


टवाळ_बंड्या
म्हणजे एकदाची हळद लागली! अभिनंदन.


फाउंड्रीवाला
सांगलीच्या माणसाला सोपं करून सांगतो. एफसीएल (अख्खा कंटेनर) म्हणजे स्वतःची जीप, एलसीएल म्हणजे वडाप. सीट भरल्याशिवाय हलत नाही, तोवर स्टँडवर बसा. ते स्टँड म्हणजे तुमचं गोदाम.


उरणकर
सोमवार, रात्री १०:४५

फाउंड्रीवाला, अर्धंच बरोबर आहे. वडाप भरेपर्यंत थांबतं, कन्सोलिडेटरला (अनेकांचा माल एका डब्यात गोळा करणाऱ्याला) तसं थांबता येत नाही. त्याचा आठवड्याचा वार ठरलेला, बोटीवर जागा आधीच धरलेली. डबा अर्धा रिकामा राहिला तरी त्याला तो लावावा लागतो, तोटा त्याचा. म्हणून तर सगळ्यांचा माल चार दिवस आधी मागतो.

कृष्णाकाठ, मी उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये) टॅलीचं, म्हणजे मालाच्या मोजदादीचं काम बघतो, तेव्हा आतलं सांगतो. पहिली गोष्ट, न्हावाशेवाच्या कंटेनर टर्मिनलवर सुटा माल कुणी हातात घेत नाही. तिथे बंद, सील लावलेला, वजन केलेला डबाच चालतो. तुमची पोती डब्यात जायची जागा म्हणजे सीएफएस, आणि ती जागा नुसती चार भिंतींची शेड नाही. कस्टम्सने अधिसूचित केलेली हद्द आहे ती. गोदाम चालवणारा कायद्याने मालाचा राखणदार असतो, एक पोतं कमी भरलं तर कस्टम्सला उत्तर त्याला द्यावं लागतं.

तुमची गाडी गेटवर आली की कार्टिंग. पोती उतरवून मोजायची, मार्क आणि नंबर जुळवायचे, फाटकी-ओली वेगळी काढून शेरा मारायचा, मग लांबी-रुंदी-उंची. (फॅक्टरीत ६ घनमीटर असलेला माल इथे ६.७ भरतो, कारण पोती फुगतात आणि पॅलेटच्या बाहेर लोंबतात. भांडणं इथेच होतात, तेव्हा मोजताना आपला माणूस उभा ठेवा.) शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा अर्ज) आधीच ऑनलाइन भरलेलं असतं. कस्टम्सला वाटलं तर माल उघडून बघतात, मग लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे निर्यातीची परवानगी मिळते. ती मिळाली तरच माल स्टफिंगला, म्हणजे डब्यात भरायला घ्यायचा. डब्यात दहा जणांचा माल असेल आणि एकाचा कागद अडकला तर त्याचा माल शेडमध्ये मागे राहतो, बाकी नऊ जणांचा डबा निघतो. ही सोय गोदाम आहे म्हणून आहे.

त्यानंतर कुठे काय ठेवायचं याचा आराखडा, भरणं, लाकडी टेकू, पट्टे, सील, व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन; २०१६ च्या जुलैपासून ते जाहीर केल्याशिवाय डबा बोटीवर चढत नाही), ट्रेलर आणि टर्मिनलचं गेट बंद व्हायच्या आत प्रवेश. आता मागे मोजत या, रविवारच्या बोटीला बुधवार का ते दिसेल.

पनवेलच्या गाळ्याचं म्हणाल तर पूर्ण डबा असेल तर तो स्वतःच्या कारखान्यात भरून, स्वतः ई-सील लावून थेट बंदरात नेता येतो. पण परक्याच्या मालाबरोबर जायचं तर गाळा कामाचा नाही. भाडं जाईल ते जाईल आणि माल शेवटी आमच्याकडेच येईल.


वाचनमात्र
वाचनखूण साठवली. उरणकर, जरा नियमित लिहीत जा.


शंकासुर
उरणकरांचं पोट त्याच शेडवर आहे, ते दुसरं काय सांगणार. (हलकेच घ्या.) पण मुद्दा असा की सरकारच गेली काही वर्षं सीएफएसला वळसा घालायला सांगतंय. आयातीत डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी, निर्यातीत डायरेक्ट पोर्ट एंट्री. डबा थेट आत, थेट बाहेर. मग गोदाम लागतंच असं कसं म्हणता?


उरणकर
तुम्ही म्हणता त्या दोन्ही योजना पूर्ण डब्यासाठी. ज्यांना त्या लागू पडतात त्यांनी जरूर घ्याव्यात, आमचा धंदा त्याने कमी झालाय हेही खरं. पण एकाच डब्यात हळद, नळाच्या तोट्या, चपला आणि मशीनचे सुटे भाग असतील तर ते कुठेतरी एकत्र येणार आणि पलीकडे कुठेतरी वेगळे होणार. त्या 'कुठेतरी'चे पैसे आहेत हे.


फाउंड्रीवाला
मंगळवार, सकाळी ८:०५

आता जरा हिशोबाचं. शिरोलीत आमची कास्टिंग. आम्हीही सुरुवातीला एलसीएलनेच पाठवायचो. भाव 'टन किंवा घनमीटर, जे जास्त असेल ते' असा असतो. आमचा माल दहा टन आणि आकार जेमतेम पाच घनमीटर, म्हणजे बिल दहाचं. तुमची हळद नि बेदाणा आकाराच्या मानानं हलका, तुम्हाला घनमीटर लागणार.

कन्सोलिडेटरची खरी कमाई या जोडीत आहे. वीस फुटी डबा कागदावर ३३ घनमीटरचा, पण खोकी नि पॅलेट धरून २५ ते २८ च बसतात. खाली आमचं दहा टन लोखंड, त्यानं घेतली पाच घनमीटर जागा. त्यावर नि बाजूला २० घनमीटर प्लास्टिकचा किंवा कपड्याचा माल. जागा गेली २५, बिल फाडलं ३० चं. ज्याच्या शेडमध्ये जड आणि हलका दोन्ही माल रोज येतो तोच ही जोडी लावू शकतो. आबांना म्हणावं, पनवेलच्या गाळ्यात एकटी हळद ठेवून हे व्हायचं नाही.

आणि तुमचा माल १३-१५ घनमीटरच्या पुढं गेला की एलसीएल विसरा, पूर्ण वीस फुटी डब्याचा भाव काढा. बऱ्याचदा स्वस्त पडतो.


हिशोबनीस
मंगळवार, दुपारी १:३०

भाडं इतकं कमी का, हा मूळ प्रश्न राहिलाच. एलसीएलमध्ये समुद्राचं भाडं शून्य, आणि काही मार्गांवर चक्क उणे लावतात. कन्सोलिडेटर फॉरवर्डरला म्हणतो, माल मला दे, वर घनमीटरमागे इतके डॉलर तुला देतो. दानधर्म नाही हा. पलीकडच्या बंदरात त्याचा भागीदार एजंट असतो, तो माल घ्यायला येणाऱ्याकडून सगळं वसूल करतो. तुमच्या कोटेशनवर हॅम्बुर्गचे चार्ज लिहिलेत का? नसणार. सीआयएफमध्ये ते खरेदीदाराच्या गळ्यात पडतात. त्याने तुमच्याशी भाव करताना ते धरलेले नसतात. पहिली खेप पोचली की त्याचा रागाचा मेल येतो आणि दुसरी ऑर्डर येत नाही.

म्हणून दोन्ही टोकांचे चार्ज, घनमीटरमागे किती आणि किमान किती, हे माल निघण्याआधी लेखी मागा. भाडं जास्त पण पलीकडचे चार्ज बांधलेले, असं कोटेशन बहुतेक वेळा एकूण स्वस्त असतं.

दुसरं, सीआयएफ आणि एफओबी (बोटीवर चढवेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा) या अटी कंटेनरच्या मालाला नीट बसत नाहीत. त्यात जोखीम खरेदीदाराकडे जाते ती माल बोटीवर चढल्यावर. तुम्ही माल हातावेगळा करता बुधवारी, सीएफएसच्या दारात. बुधवार ते रविवार शेडमध्ये पाणी शिरलं, पोती गेली, तर नुकसान कुणाचं? तुमचं. माल ताब्यात तुमच्या नाही, जोखीम मात्र तुमची. यासाठीच इन्कोटर्म्समध्ये (व्यापाराच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) एफओबीऐवजी एफसीए आणि सीआयएफऐवजी सीआयपी सुचवतात, त्यात माल वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम सरकते. २०२० च्या आवृत्तीत आणखी एक फरक आहे. सीआयएफमध्ये विक्रेत्याने किमान 'क' कलमांचा (कमीत कमी संरक्षणाचा) विमा काढला तरी पुरतो, सीआयपीमध्ये 'अ' कलमांचा (सर्वांत व्यापक) लागतो. 'क' मध्ये आग, गाडी उलटणं, बोट बुडणं वगैरे येतं, चोरी आणि पावसाचं पाणी येत नाही. जून ते सप्टेंबर हळद पाठवणार असाल तर एवढं वाचल्याशिवाय सही करू नका.


कृष्णाकाठ
बापरे. हॅम्बुर्गचे चार्ज खरंच लिहिलेले नाहीत. फॉरवर्डरला आत्ताच मेल टाकला. आबांना जड-हलक्याचं गणित पटलं. 'क' विम्याचं वाचून ते गप्प बसले, आणि हे क्वचितच होतं.


जर्सीकर
हिशोबनीस यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि हे उलट दिशेनेही तंतोतंत होतं. अमेरिकेतून कायमचे परत येणाऱ्या ओळखीच्या एका कुटुंबाने घरचं सामान एलसीएलने मुंबईला पाठवलं. इथल्या मूव्हरने सांगितलेला आकडा देऊन ते निर्धास्त होते. मुंबईत पोचल्यावर डिलिव्हरी ऑर्डरचे, डिस्टफिंगचे (डब्यातून माल काढण्याचे), गोदामाचे मिळून जे बिल लागलं ते मूळ भाड्याच्या वर गेलं. शिवाय पासपोर्टच्या प्रती आणि सामानाची यादी यात वेळ गेला, तेवढे दिवस शेडचं भाडं चढतच होतं. परतणाऱ्यांनी 'डोअर टू डोअर' या तीन शब्दांवर जाऊ नये, त्यात काय काय धरलंय ते एकेक ओळ विचारावं.


टवाळ_बंड्या
मी तर दिवाळीला बहिणीला फराळ पाठवून शहाणा झालो. कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० करतात सेंटिमीटरमध्ये, आणि तेवढे किलो धरतात. लाडू वजनाने गेले, चिवडा आकाराने गेला. चिवड्याचा दर काजूच्या वर.


वाचनमात्र
बंड्या, चिवडा व्हॅक्यूम पॅक कर.


टवाळ_बंड्या
केला होता. पलीकडे पोहोचला तो पोह्यांचा भुगा. भाचा दुधात घालून खातो.


माणकोलीकर
मंगळवार, रात्री ८:२०

गोदामांचा धागा आणि भिवंडीचं नाव नाही? आमच्या घरची गोदामं आहेत, भाड्याने दिलेली. उरणकर सांगतात ती बंदराची गोदामं झाली, आमची देशातल्या मालाची. इथे ती उभी राहण्याचं कारण जकात. मुंबईत माल आणला की महापालिकेची जकात. मग माल मुंबईच्या वेशीबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, सगळीकडे भातशेतीच्या जागी शेड. शिवाय नाशिक महामार्ग दाराशी.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही गेली. लोक म्हणाले भिवंडी संपली. झालं उलटं. आधी परराज्यात विक्री केली की २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, तो चुकवायला प्रत्येक कंपनी राज्याराज्यात छोटं गोदाम ठेवायची, आधी माल स्वतःच्याच डेपोत पाठवायचा, मग तिथून विकायचा. ते कारण संपल्यावर वीस छोट्यांऐवजी चार-पाच मोठी गोदामं पुरू लागली. मग मोठ्या शेड हव्या झाल्या. उंच छत, गुळगुळीत लादी, ट्रकच्या पाट्याला लागेल असा फलाट. त्या आल्या पडघा-वडपेकडे, आणि ऑनलाइन खरेदीवाल्यांनी त्या भरून टाकल्या.


टवाळ_बंड्या
म्हणजे माझं पुण्यातल्या सदाशिव पेठेतून कोथरूडला येणारं पार्सल भिवंडीला जाऊन येतं त्याला तुम्ही जबाबदार?


माणकोलीकर
अहो, पेठेतून कोथरूडला एकट्या तुमच्या पार्सलसाठी कोण टेंपो लावेल? सगळी पार्सलं एका ठिकाणी आणून रात्रीत वर्गवारी करून परत पाठवणं एकूण स्वस्त पडतं. अमेरिकेत फेडेक्सने १९७३ मध्ये मेम्फिसहून हेच सुरू केलं, शेजारच्या गावचं पाकीटसुद्धा मेम्फिसला जाऊन यायचं.


शंकासुर
माणकोलीकर, भाडं घेता ते ठीक, पण गाडी उतरवायला 'वाराई' म्हणून जे पैसे घेतले जातात त्यावरही लिहा की. ड्रायव्हर रडकुंडीला येतात.


माणकोलीकर
लिहितो. माल ज्याचा त्याने उतरवण्याचे पैसे द्यावेत, ट्रकवाल्याच्या खिशातून काढू नयेत, एवढं माझं मत. बाकी यात बोललं की गावात राहायचं मुश्कील, तेव्हा पुढचं विचारू नका.


गोदीकाका
मंगळवार, रात्री ११:००

वाराईच्या नावाखाली माथाडीला कुणी झोडपू नये म्हणून लिहितो. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला. त्याआधी पाठीवर पोतं वाहणाऱ्याला ना नोंद, ना भविष्य निर्वाह निधी, ना जखमी झाला तर औषध. कायद्याच्या नावाने दादागिरी करणारे वेगळे आणि नोंदीत माथाडी वेगळे.

आता विषयावर. माझी नोकरी मुंबई गोदीत झाली. तेव्हा बोट धक्क्याला लागली की आठवडा-आठवडा उभी. पोतं, पेटी, पिंप, गाठ, एकेक वस्तू जाळ्यातून वर-खाली. शेड धक्क्यालाच चिकटून, माल बोटीतून थेट शेडमध्ये. चोरी रोजची, व्हिस्कीच्या पेट्या 'फुटायच्या' आणि नेमक्या सणाच्या आधी. अमेरिकेत मॅकलीन या ट्रक-व्यावसायिकाने २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स या जहाजावर ५८ डबे चढवले. त्या वर्षी सुटा माल चढवायला टनाला ५.८६ डॉलर पडत, त्यांना १६ सेंटही लागले नाहीत. मग आमच्याकडे जेएनपीटी (न्हावाशेवाचं बंदर) १९८९ ला आलं. लोकांना वाटतं कंटेनरने गोदाम संपवलं. संपवलं नाही, धक्क्यावरून उचलून द्रोणागिरीला नेलं. बोट आता दिवसा-दीड दिवसात परत फिरते, ती पोती मोजत बसणार नाही. ते काम कुठेतरी व्हायलाच हवं.

आणि कुठला माल कुणाशेजारी, हे मुंबईकराला तरी शिकवायला नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाज. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यात कराचीला चढवल्या कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं. कापूस धुमसला, स्फोट झाले आणि पुढचं सगळं माहीत आहे. अग्निशमन सप्ताह त्याच तारखेपासून पाळतात. धक्क्यावरची गोदामं, आतल्या धान्यासकट, जळाली. एकत्र माल भरण्याचं शास्त्र म्हणजे मुळात काय एकत्र भरायचं नाही, याचं शास्त्र.


शंकासुर
काका, १९४४ कशाला? बैरुत २०२०, एकाच शेडमध्ये सहा वर्षं पडून असलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट. त्यानंतर आपल्याकडे शोध घेतला तर चेन्नईजवळच्या एका सीएफएसमध्ये २०१५ पासून जप्त केलेलं सुमारे ७०० टन निघालं, घाईघाईने हैदराबादला हलवलं. २०२२ च्या जूनमध्ये बांगलादेशात सीताकुंडच्या कंटेनर डेपोत हायड्रोजन पेरॉक्साइड पेटलं, पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यात आग विझवायला गेलेले जवान. आणि तिथेच शेजारी निर्यातीचे तयार कपडे ठेवलेले. गोदाम लागतं हे मान्य केलं, पण 'पडून राहू द्या, बघू' ही वृत्ती गोदामातच वाढते.


उरणकर
शंकासुर, हे मात्र खरं. न सोडवलेला माल हे आमचंच दुखणं आहे. कायद्याने ३० दिवसांत माल उचलला नाही तर राखणदार कस्टम्सच्या परवानगीने विकू शकतो. प्रत्यक्षात नोटिसा, मूल्यांकन, लिलाव, कोर्ट यात वर्षं जातात आणि जागा अडते ती अडतेच.


एल्बेकाठची
बुधवार, पहाटे २:१५ (इथे अजून रात्र)

कृष्णाकाठ, मी हॅम्बुर्गलाच असते, एका आयातदाराकडे काम करते (तुमच्या नव्हे!). तुमचा डबा इथे आला की तोही थेट दारात येत नाही. बंदरातून एका शेडमध्ये जातो, तिथे सगळ्यांचा माल वेगळा होतो, मग तुमचा खरेदीदार हाउस बिल (कन्सोलिडेटरने दिलेला मालाचा कागद) दाखवून आपली पॅलेट घेतो. कस्टम्सच्या ताब्यात तात्पुरता ठेवायला युरोपात ९० दिवस मिळतात. कर न भरता जास्त काळ ठेवायचा असेल तर कस्टम्सचं बंधित गोदाम, त्याला इथे मुदतच नाही. भारतात साधारण मालाला एक वर्ष आणि ९० दिवसांनंतर कराच्या रकमेवर व्याज, म्हणून इथले मसाला व्यापारी माल निवांत ठेवतात आणि भाव बघून सोडवतात.

तुम्ही कधी आलात तर श्पायखरश्टाट बघा. कालव्याकाठी लाल विटांची सात-आठ मजली गोदामं, खाली पाणी, वर कप्पी. १८८३ पासून बांधली, कारण हॅम्बुर्ग जर्मनीच्या कर-हद्दीत येणार होतं आणि व्यापाऱ्यांना करमुक्त साठवायला जागा हवी होती. कॉफी, गालिचे आणि मसाले! २०१५ पासून जागतिक वारसा. पण ती उभी करताना त्या बेटावरच्या वीस हजारांहून जास्त लोकांची घरं पाडली, हे फलकावर बारीक अक्षरात असतं. मुक्त बंदर २०१३ मध्ये रद्द झालं, आता तिथे कचेऱ्या आणि पर्यटक.

एक व्यावहारिक प्रश्न फॉरवर्डरला विचारा: डबा न्हावाशेवाहून थेट हॅम्बुर्गचा आहे, की मध्ये जेबेल अली, कोलंबो किंवा अँटवर्पला उघडून पुन्हा भरणार? प्रत्येक वेळी उघडला की एक शेड, एक हाताळणी आणि फाटक्या पोत्याची एक संधी. आणि २०२३ च्या डिसेंबरपासून बऱ्याच बोटी लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, त्यांना दहा-पंधरा दिवस जास्त लागतात, तुमची कोणत्या मार्गाने जाणार ते विचारून मगच खरेदीदाराला तारीख द्या.


उरणकर
बुधवार, सकाळी ७:५०

वीस हजार लोकांचं वाचून थांबलो. अवांतर आहे, पण लिहितो. ज्या द्रोणागिरीत मी कामाला जातो ती जमीन आमच्या लोकांची मिठागरं आणि भातशेती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनावर उरण भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. शेवा गाव आणि कोळीवाडा बंदरासाठी उठवला, कोळीवाड्याला नव्या जागी वाळवीने छळलं. 'गोदामाचं भाडं कसलं' विचारणाऱ्यांनी जमिनीचाही हिशोब कधी धरावा. झालं अवांतर.


गोदीकाका
अवांतर नाही. यातूनच सगळं उभं आहे.


वाचनमात्र
धागा भलतीकडे भरकटायच्या आत कुणी कोल्ड स्टोरेजबद्दल लिहील का? द्राक्षं एलसीएलने जातात का?


द्राक्षबाग
नाही हो. द्राक्ष एलसीएलने कोण पाठवील, अख्खा रीफर कंटेनरच. निफाड-दिंडोरीकडे आमच्याकडे डबा पॅकहाउसवरच भरतात. पण गोदाम इथंही लागतंच, फक्त ते थंड. एक गैरसमज सांगतो. रीफर कंटेनर माल गार करत नाही, गार केलेला माल गार ठेवतो. बागेतून आलेलं कोमट द्राक्ष तसंच डब्यात भरलं तर युरोपला पोचेस्तोवर मणी सुटतात आणि बुरशी धरते. म्हणून काढणी झाल्या झाल्या प्रीकूलिंगच्या खोलीत शून्य-एक अंशापर्यंत आणायचं, पाच किलोच्या पेटीत सल्फरचा पॅड घालायचा, मग शीतगृह, मग डबा. आफ्रिकेच्या वळशानं प्रवास लांबला तेव्हा ज्यांचं प्रीकूलिंग नीट होतं त्यांचाच माल तरला. बाकीच्यांचं पेमेंट कापून आलं.


शंकासुर
एवढा वेळ वाचून मी इथवर आलोय: गोदाम लागतं, पण त्याचा भाव अंधारात ठरतो. यावर कुणाचा आक्षेप?


हिशोबनीस
नाही. म्हणून तर लेखी मागा म्हणालो. उपाय तेवढाच आहे, आणि खेपा वाढल्या की फॉरवर्डर बदलायची तयारी.

आणखी एक राहिलं. डब्यात दहा मालक असले की दहांची नशिबं बांधली जातात. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझमध्ये एव्हर गिव्हन जहाज अडकलं, नंतर जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर झाली, म्हणजे जहाज वाचवायचा खर्च सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा आणि हमी दिल्याशिवाय माल मिळायचा नाही. एलसीएलच्या डब्यात एकाने हमी द्यायला उशीर केला की बाकीच्यांचा डबा उघडत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख भरा.


कृष्णाकाठ
गुरुवार, संध्याकाळी ६:४०

सगळ्यांचे आभार. पहिल्या फॉरवर्डरने हॅम्बुर्गचे चार्ज सांगायला 'पलीकडच्या एजंटला विचारतो' म्हटलं, अजून उत्तर नाही. दुसऱ्याकडून कोटेशन घेतलं. समुद्राचं भाडं बरंच जास्त, पण हॅम्बुर्गचे चार्ज घनमीटरमागे आणि किमान किती, दोन्ही लिहून दिलेत. डबा थेट हॅम्बुर्गचा, मध्ये उघडणार नाही. खरेदीदाराला दोन्ही कागद पाठवले, तो म्हणाला दुसराच घ्या, आणि सीआयपीला तयार झाला. विमा 'अ' कलमांचा.

आता उरलेले प्रश्न. हळद आणि बेदाणा एकाच पॅलेटवर चालेल का? आणि लाकडी पॅलेट कुपवाडला बनवून घेतली तर चालतात का?


फाउंड्रीवाला
एकाच पॅलेटवर अजिबात नको. हळदीची धूळ कितीही दुहेरी पिशवी असली तरी बाहेर येते, बेदाण्याच्या पेट्या पिवळ्या होतील. वेगवेगळी पॅलेट, आणि प्रत्येकावर ताणून फिल्म. पॅलेट कुपवाडचं चालेल, पण लाकडाला उष्णता-प्रक्रिया केलेली हवी आणि आयएसपीएम-१५ चा गव्हाच्या ओंबीचा शिक्का प्रत्येकावर उठलेला हवा. साध्या लाकडाचं पॅलेट युरोपात अडकतं. पॅलेटची उंची अशी ठेवा की वर दुसरं चढवता येईल. 'वर काही ठेवू नये' असं लिहिलंत तर छतापर्यंतच्या हवेचे पैसे तुम्ही भरणार.


उरणकर
आणि बुकिंग करतानाच लिहून द्या: खाद्यपदार्थ, धोकादायक किंवा उग्र वासाच्या मालाबरोबर भरू नये. हळद वास देतेही आणि घेतेही. आमच्याकडे रबर आणि चामड्याशेजारी मसाला ठेवत नाही, पण लेखी असलं की सुपरवायझर जास्त लक्ष देतो. पोत्यांबरोबर डब्यात ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टाकायला सांगा, रात्री पत्र्याला आतून दव धरतं. मसाला मंडळाची नोंदणी आणि धुरीचं प्रमाणपत्र कार्टिंगच्या आधी सीएचएकडे (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाकडे) पोचू द्या, माल दारात उभा करून कागद शोधू नका. गाडीला ताडपत्री दुहेरी.


कृष्णाकाठ
नोंदणी झालीय. ई-वे बिलावर पत्ता सीएफएसचा टाकायचा की बंदराचा?


उरणकर
खरेदीदार हॅम्बुर्गचाच राहील, पण 'कुठे पाठवायचं' यात सीएफएसचा पत्ता आणि पिनकोड. बंदराचा टाकलात तर वाटेत गाडी अडवणारा विचारेल, बंदर तिकडे आणि तू इकडे कुठे. ड्रायव्हरला सांगा, करळ फाट्याला रात्री दहानंतर ट्रेलरची रांग लागते, त्याआधी पार व्हायला हवं.


टवाळ_बंड्या
सॅम्पलची हळद पाठवायची असेल तर पत्ता खाजगी निरोपात कळवतो. पाव किलो, एफसीएल चालेल.